ताईला कळलं तर सही

आमच्या यंत्र अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक पुष्कळ आहेत, पण विभाग चालवते श्यूचिन ताई. हे मी कुणाच्या पाठीमागे बोलत नाही. विभागप्रमुखांच्या तोंडावरही एकदा बोललो होतो. त्यांनी मान डोलावली आणि ताईलाच विचारलं, "आपली आजची बैठक कुठे आहे हो?"

ताईचं टेबल कार्यालयाच्या दारातच आहे. टेबलावर एक कुंडी, एक छोटा पंखा आणि खारवलेल्या आलुबुखारांची बरणी. पाठीमागे डबे गरम करायचं वाफेचं कपाट. सकाळी येताना सगळ्यांनी आपापला स्टीलचा डबा त्यात ठेवायचा आणि दुपारी वाफाळता काढायचा. कुणाच्या डब्यात काय आहे हे ताईला झाकण न उघडता कळतं, आणि कुणाच्या घरी भांडण झालंय हेही ती डब्यावरूनच ओळखते. ताई अस्सल ताइनानची, म्हणजे आमच्या तैवानच्या दक्षिणेकडची आहे. म्हणजे कालवणात साखर आणि बोलण्यात मिरची. वाणिज्य शाळा संपवून ती इथे टंकलेखनाला लागली, ती इथलीच झाली. तिच्यापुढे विद्यार्थी म्हणून उभे राहिलेले काही जण आता प्राध्यापक आहेत. मीही त्यातलाच. ती अजून मला "ए त्सेंग" म्हणूनच हाक मारते, आणि मी अजून खुर्चीतून उठतो.

दर सहामाहीला आमच्याकडे परदेशी मुलं येतात. कुणी पोलंडहून, कुणी आफ्रिकेतल्या एस्वातिनीहून, कुणी पॅराग्वेहून. येताना आणायच्या सगळ्या गोष्टी ती बरोबर आणतात, फक्त आधी शिकलेले विषय सोडून. एकाचं गणित झालेलं असतं पण यांत्रिकी नसतं. दुसरा शपथेवर सांगतो की यांत्रिकी झालंय, आणि चौकशी केली की कळतं, त्याच्याकडे ते वनशास्त्राबरोबर शिकवतात. नियम असा आहे की आधीचे विषय झाले नसतील तर शिकवणाऱ्या सरांची सही आणायची. ही सही मिळवणं ही ताईची कला.

आमच्याकडे दुपारी जेवणं झाली की दिवे मालवतात, आणि सगळा विभाग टेबलावर डोकं टेकून झोपतो. ताई परदेशी मुलांना बजावून ठेवते, "झोपेआधी गेलात तर माणूस भुकेला असतो. उशिरा गेलात तर माणूस प्राध्यापक असतो. गालावर बाहीची वळी दिसतेय ना, तेवढाच वेळ तो देव असतो. तेवढ्यात सही घ्यायची." अशा वळीच्या भरवशावर तिने कितीतरी मुलं पार केली आहेत. त्यातली बरीचशी पासही झाली.

फक्त फान सरांपुढे तिची मात्रा चालत नसे. फान सर उष्णता संक्रमण शिकवतात. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ते झोपून उठले तरी गालावर वळी नसते. ते बसल्या बसल्या झोपतात, ताठ. आधीचे विषय न झालेल्या मुलांसाठी त्यांच्याकडे एकच नन्नाचा पाढा होता. माणूस दुष्ट नव्हे हो. फार पूर्वी त्यांनी अशा एका मुलाला दया म्हणून घेतलं होतं, आणि तो परीक्षेत कोऱ्या कागदापुढे बसून रडला होता. तेव्हापासून सरांनी दया बंद केली.

मी त्यांचा मदतनीस होतो, त्या वर्षी रोसिओ आली.

रोसिओ पॅराग्वेची. शिकत होती शेतकी, आणि हसायला लागली की शेजारच्या वर्गात फळ्यावरचा खडू थांबायचा. सदा हातात बर्फाच्या पाण्याचा थर्मास आणि बैलाच्या शिंगाचा पेला. पेल्यात वाळलेल्या पानांचा चुरा भरायचा, वरून पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढत बसायचं. ती पहिल्यांदा कार्यालयात आली तेव्हा ताईने तो पेला नाकाशी धरला आणि म्हणाली, "काय गं पोरी, गवत पितेस? जेवायला मिळत नाही का वसतिगृहात?"

"ताई, हे मामाच्या शेतात होतं," रोसिओ आमच्या भाषेत चाचरत म्हणाली. "मामाची पानं वाळवायची भट्टी आहे. अर्धी पानं जळून जातं, अर्धी ओली राहतं. का ते कोणालाच कळत नाही. म्हणून मी इथे आलं."

तिची अडचण साधी होती आणि मोठी होती. तिला पाठवणाऱ्यांची अट होती की अभियांत्रिकीचा निदान एक विषय घ्यायचा. नाही घेतला तर शिष्यवृत्ती रद्द आणि सामान बांधून घरी. नावं घालायची मुदत शुक्रवारी संपत होती. इंग्रजीतून शिकवला जाणारा एकच विषय उरला होता, आणि तो फान सरांचा. त्या विषयाआधी तीन विषय झालेले असावे लागतात. रोसिओचे झालेले विषय होते माती, कीड आणि थोडं गणित.

"बघते मी," ताई म्हणाली. ताई "बघते मी" म्हणाली की आम्ही निश्चिंत असतो. या वेळी मी नव्हतो.

सर ताठ झोपेतून उठल्याबरोबर ताई रोसिओला घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मी दाराशी फाईल चाळण्याचं नाटक करत उभा राहिलो.

"नाही," सर म्हणाले. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

"सर, पोरीचं ऐकून तरी घ्या."

"ताई, पोहता येत नाही त्याला खोल पाण्यात ढकलणं याला दया म्हणत नाहीत."

"ढकलू नका. काठावर तरी बसू द्या. पाय सोडून बसेल बिचारी."

सरांनी रोसिओकडे पाहिलं. रोसिओ हसली. तिचं हसू बघून सर दचकले असावेत, कारण त्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला. "गुरुवारच्या प्रयोगाला येऊ दे," ते म्हणाले. "नीट वागली, नीट काम केलं, तर बघू."

एवढं त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे आमच्याकडे सणच. ताईने रोसिओला बाहेर आणून दहादा बजावलं. वेळेच्या आधी ये, केस बांध, चप्पल नको, कशाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. पण ती कुणी कुणाला सांगतच नाही.

आता यंत्रावर हिरवं पाकीट असतं हे काय सांगायचं? मक्याच्या कुरकुरीत फुग्यांचं, खोबऱ्याच्या चवीचं, लहान मुलं खातात ते. त्याच्या नावाचाच अर्थ 'शहाणं बाळ'. बँकेत पैसे देणाऱ्या यंत्रावर असतं, इस्पितळात असतं, रेल्वेच्या तिकीटघरात असतं. पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्या मुलासारखं वागतं. हिरवंच लागतं. पिवळं ठेवलं तर यंत्र कुरकुरतं, लाल ठेवलं तर बसकण मारतं. फोडायचं नाही, हलवायचं नाही, आणि त्यावरची मुदत उलटू द्यायची नाही. हे आम्ही कुठे शिकलो म्हणाल तर कुठेच नाही. आईच्या पोटातून येतानाच शिकून आलो असणार.

आमच्या प्रयोगशाळेत गरम आणि थंड पाणी एकमेकांशेजारून खेळवणारं एक मोठं यंत्र आहे. त्यावरचं पाकीट फान सर स्वतः ठेवत. उष्णतेचे नियम आयुष्यभर शिकवणारा हा माणूस दर सहामाहीच्या पहिल्या दिवशी फडक्याने यंत्राचं झाकण पुसायचा, पाकीट मधोमध ठेवायचा आणि यंत्राला हलकेच थोपटायचा. एकदा झाडू मारणाऱ्या बाईंनी पाकीट खिडकीत ठेवलं आणि त्याच दिवशी पंप जळाला. तेव्हापासून त्या पाकिटाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला सरांना खपत नसे.

गुरुवारी रोसिओ वेळेच्या आधी आली, कारण ताईने सांगितलं होतं. जेवून आली नाही, कारण तेवढा वेळच राहिला नाही. मी पाठमोरा बसून तापमापक लावत होतो. वर्गातली मुलं एकेक करून येत होती. एवढ्यात मागून आवाज आला. कुर्रम. कुर्रम कुर्रम.

वळून पाहतो तो रोसिओ यंत्राला टेकून उभी, हातात फोडलेलं हिरवं पाकीट. "दादा, घ्या ना," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी ठेवलंय वाटतं. किती छान माणसं तुम्ही!" आणि तिने ते पाकीट पहिल्या रांगेतल्या मुलींपुढे धरलं. त्या मुली दोन पावलं मागे सरल्या. जाड भिंगांचा एक मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "तिने खाल्लं." मग जो येईल त्याला आधीचा सांगू लागला, "तिने खाल्लं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच पंप खोकला. एकदा, दोनदा. मग त्याने एक लांब उसासा सोडला आणि बंद पडला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं की फ्यूज गेला होता, जुनाच होता, जाणारच होता. मान्य. पण तो तेव्हाच का जावा, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि कुणाकडेच नाही.

फान सर आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, झाकणावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, रोसिओच्या ओठांवरच्या चुऱ्याकडे पाहिलं. कुणीतरी धावत जाऊन ताईला बोलावून आणलं होतं. ती धापा टाकत दारात उभी राहिली.

"ताई," सर शांतपणे म्हणाले, "हिला घेऊन जा. सही विसरा."

"अहो सर, तिला काय ठाऊक?"

"सगळ्यांना ठाऊक असतं."

"इथल्या सगळ्यांना! कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते? तीन विषय आधी झाले पाहिजेत म्हणता ना, मग चौथा पण भिंतीवर लावा! हिरवं पाकीट, प्राथमिक आणि प्रगत!" मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताई थांबली नाही. "पोरगी हुशार आहे. माझा शब्द घ्या."

हसण्याने सर चिडले असावेत. "तुमचा शब्द?" ते म्हणाले. "इतकी वर्षं इथे बसताय, यातलं ओ की ठो तरी कळतं का तुम्हाला? हुशार कोण ते तुम्ही कशावरून सांगणार?"

ताईचं तोंड उघडं होतं, ते तिने मिटलं. तिला कुणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला सरांचा असा राग आला की हातातला तापमापक मी टेबलावर आपटला.

रोसिओला शब्द सगळे कळले नव्हते, पण ताईचा चेहरा कळला. ती पुढे आली आणि चक्क कमरेत वाकली. "सर, माझी चूक. ताईची नाही. मला माफ करा." मग प्रामाणिकपणे म्हणाली, "पण सर, ते शिळं होतं."

"काय?"

"शिळं. मऊ पडलं होतं. भूक होती म्हणून खाल्लं."

जाड भिंगांच्या मुलाने टेबलावरचं रिकामं पाकीट दोन बोटांनी उचललं, डोळ्यांशी नेलं, वाचलं, आणि विस्तव हाती आल्यासारखं खाली ठेवलं. मुदत केव्हाच उलटून गेली होती. उलटलेलं पाकीट म्हणजे पाकीट नसण्यापेक्षा वाईट. हे लहान पोराला कळतं. आणि ते पाकीट कोण ठेवतं हे साऱ्या विभागाला ठाऊक होतं.

कुणी सरांकडे पाहिलं नाही. सगळे छताकडे पाहू लागले. मीही छताकडेच पाहत होतो, आणि तिथे पाहण्यासारखं काहीही नव्हतं. सरांचे कान लाल झाले. विद्यार्थ्यांसमोर माणसाची अशी शोभा झाली की आमच्याकडे ती त्याच्या निवृत्तीच्या भाषणापर्यंत पुरते.

"ते माझ्याकडून झालं," ताई म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"सरांनी मला आणायला सांगितलं होतं. माझ्या खणात एक जुनं पडलेलं होतं, तेच मी दिलं. तारीख पाहायची राहून गेली. वय झालं हो आता." असं म्हणून तिने स्वतःच्या कपाळावर हलकेच चापट मारली.

त्या पाकिटाला ताईचा हातही लागला नव्हता. सर आपल्या घराखालच्या दुकानातून ते स्वतः निवडून आणत, आणि या वेळी तारीख पाहायची त्यांचीच राहिली होती, हे मला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, आणि सरांना तर होतंच. ते ताईकडे वळले. मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या दुपारी हिने तुम्हाला उष्णता समजावून सांगायची. मी समोर बसेन. तुम्हाला कळलं तर सही करतो."

हा टोमणा होता की भरपाई, मला आजवर ठरवता आलेलं नाही. ताईला तो टोमणाच वाटला असणार. तिने होकारार्थी मान हलवली आणि रोसिओला घेऊन निघून गेली.

शुक्रवारी दुपारी दिवे मालवले, सगळे झोपले, आणि ताई जागी बसून होती. मी माझा डबा धुवायला उठलो तर तिने मला खूण करून बोलावलं. "ए त्सेंग, मला नाही कळलं तर? पोरगी माझ्या टाळक्यापायी परत जायची."

"कळलं म्हणायचं. सरांना काय दिसणार आहे?"

"काल एक खोटं बोलले, पुरे झालं. आणि विचारलं त्यांनी उलटून, तर?" तिने बरणीतला एक आलुबुखार तोंडात टाकला आणि चघळायचंच विसरली.

दिवे लागले. फान सर खुर्ची घेऊन टेबलासमोर बसले. रोसिओने कागदावर एक सूत्र लिहिलं आणि बोलायला लागली. ताई डोळे मोठे करून ऐकत होती. थोड्या वेळाने ते डोळे तसेच मोठे राहिले, पण त्यांतून ताई निघून गेली होती.

"कळलं?" सरांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

रोसिओने ओठ चावला. सूत्राचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला. पेल्यातलं बर्फाचं पाणी ताईच्या कुंडीत ओतलं, भिंतीशी असलेल्या गरम पाण्याच्या नळातून उकळतं पाणी शिंगाच्या पेल्यात भरलं, धातूची नळी त्यात बुडवली आणि पेला ताईपुढे धरला. "ताई, पेला हातात धर. आता नळीला ओठ लाव."

"आई गं! भाजलं की!"

"पेला भाजतो?"

ताईने पेला दोन्ही हातांत फिरवला. "नाही. पाणी तर तेच आहे."

"तेच पाणी. धातूमधून ऊब पळत येतं. शिंगातून रांगत येतं." रोसिओने आता हातवारे सुरू केले. "मामाच्या भट्टीत पानांचा ढीग आहे. बाहेर आग आहे. ऊब पानांतून रांगत आत जातं. मध्ये पोचेपर्यंत बाहेरचं पान जळून जातं."

ताई वाफेच्या कपाटाकडे बघत होती. मग ताडकन उठली. "माझा डबा!"

"काय झालं?" सर दचकले.

"अहो, माझा डबा! कडेचा भात तोंड भाजवतो आणि मधलं अंडं थंडगार. दररोज! मी त्या कपाटाला शिव्या घालते, दोनदा दुरुस्त करवून घेतलं, दुरुस्तीवाल्याशी भांडले! कपाटाचा दोषच नाही. मी भात दाबून दाबून भरते. ऊब रांगत रांगत अंड्यापर्यंत पोचायच्या आत मी डबा काढते!" ती रोसिओकडे वळली. "मग पोरी, भाताच्या मधोमध स्टीलचा चमचा खोचून ठेवला तर? ऊब त्याच्यावरून पळत आत जाईल?"

रोसिओने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपेतून उठलं. सर खुर्चीत पुढे सरकले. "जाईल," ते म्हणाले. "अशा ऊब वाहून नेणाऱ्या पातीला आम्ही पंख म्हणतो. मी तो पुढच्या महिन्यात शिकवतो."

ताई खाली बसली. आता ती हसेल, सरांना दोन सुनावेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिचे डोळे भरले होते. "इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्या टेबलासमोर उभं राहून हेच बोलत होतात," ती म्हणाली. "मला वाटायचं, हे आपल्यासाठी नाही. कुणी सांगितलंच नाही हो मला."

सरांनी पेन काढलं आणि सही केली. नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठी केली.

रोसिओ त्या विषयात कशीबशी पास झाली. पास होताना रडली, हसली आणि सगळ्यांना गवताचं पाणी पाजलं. मामाच्या भट्टीत आता ढिगाच्या मधून लोखंडी नळ्या घातल्यात, असं तिने घरी गेल्यावर ताईला कळवलं. फान सर अजूनही आधीचे विषय न झालेल्या मुलांना लगेच हो म्हणत नाहीत. ते म्हणतात, "आधी ताईला समजावून ये. ताईला कळलं तर सही." आणि पोरांना वाटतं, सुटलो! बिचारी पोरं. ताई टेबलावर कोपरं टेकून ऐकते, मध्येच थांबवून तीन प्रश्न विचारते आणि गोड आवाजात म्हणते, "नाही रे कळलं. उद्या ये." तिच्यापेक्षा ते तीन विषय सोपे होते, असं म्हणणारी मुलं मला माहीत आहेत. नवा धडा शिकवायचा असला की मीही आधी आलुबुखार खायच्या निमित्ताने तिच्या टेबलाशी जातो.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी ताईच्या वाफेच्या कपाटावर एक हिरवं पाकीट होतं, अगदी मधोमध. कुणी ठेवलं ते कुणी विचारलं नाही. ताईने ते उचललं, तारीख वाचली, होतं तिथे परत ठेवलं आणि तारखेची बाजू पुढे फिरवली. फान सरांनी तिची माफी कधी मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नाही. पण मुदत संपत आली की त्या कपाटावर नवं पाकीट आलेलं असतं, आजवर एकदाही चुकलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्रावरचं मात्र गेल्या वर्षी पुन्हा शिळं निघालं.